मॉरिस मायनरचा मागचा ब्रेक ड्रम अडकलाय, न फोडता कसा काढावा?

रत्नागिरीकर
मंडळी नमस्कार. वडिलांची १९५५ ची मॉरिस मायनर, ८०३ सीसीची, ११ वर्षं पडवीत झाकून उभी होती. हँडब्रेक ओढलेला होता, तो तसाच राहिला. आता गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची आहे. तीन ड्रम हाताने निघाले, मागचा डावा हटत नाही. ड्रमवरचे दोन्ही बसके स्क्रू काढले, रात्रभर तेल सोडून ठेवलं, हातोडीने ठोकलं. मिस्त्री म्हणतात पुलर, म्हणजे ड्रम खेचून काढायचं अवजार, लावून ओढू. ड्रम बिडाचा आहे, कड उडाली तर दुसरा आणायचा कुठून? काय करू?

जुना_पाना
दादा, पुलर आज नको. आधी एक सांगा: गाडी न्यूट्रलला टाकल्यावर ड्रम फिरतो का? सगळं त्यावर ठरतं. फिरत असेल पण बाहेर येत नसेल, तर आतून झिजून ड्रमला कड पडलेली असते आणि शू, म्हणजे आतून ड्रमवर दाबून ब्रेक लावणारे अर्धगोल तुकडे, त्या कडेला अडकतात. ओढाल तेवढे घट्ट बसतील. अशा वेळी ड्रमच्या भोकातून पेचकस घालून ॲडजस्टर, म्हणजे शू ड्रमच्या जवळ-लांब करणारा स्क्रू, डावीकडे, घड्याळाच्या उलट फिरवायचा. शू आत आले की ड्रम सुटतो.

रत्नागिरीकर
काका, अजिबात फिरत नाही. भोकातून नुसती बॅकप्लेट, ड्रममागची न फिरणारी तबकडी, दिसते, ॲडजस्टर भलत्याच ठिकाणी आहे.

जुना_पाना
मग लायनर, म्हणजे शूवरचे घासणारे पट्टे, ड्रमला चिकटलेत. खारी हवा, पावसाळा आणि ओढलेला हँडब्रेक, असं होणारच. हँडब्रेकच्या दांड्यापाशी दोन केबलींचे नट आहेत, ते पूर्ण सैल करा. डावी केबल बाहेरच्या नळीत गंजली असेल तर तिकडे सैल करूनही मागे ताण राहील, म्हणून बॅकप्लेटमागचा लीव्हर हाताने हलवून बघा. नंतर ब्लीड निपल, ब्रेकच्या तेलातली हवा काढायचं तोंड, उघडा. ब्रेकचं तेल जोरात उडालं, तर जुना होज, म्हणजे त्या तेलाची रबरी नळी, आतून फुगून दाब धरून बसलाय, तो बदलायलाच हवा.

तरी नाही सुटलं, तर उजवा ड्रम परत बसवा, दोन्ही चाकं लावून गाडी जमिनीवर उतरवा आणि चार माणसांनी पुढे-मागे झुलवा. मी तरी आधी हेच करतो. चाक हा केवढा मोठा दांडा आहे! हातोडीला जे जमत नाही ते झुलवण्याने होतं.

घाटावरचा_जीपवाला
मिस्त्रींचंही चूक नाही. बऱ्याच जुन्या विलीज जीपला मागचा हब, चाकाचा मधला तुंबा, निमुळत्या शाफ्टवर चावीने, म्हणजे खाचेतल्या लोखंडी पट्टीने, बसलेला असतो, तिथे पुलरशिवाय इलाज नाही. मायनरचा ड्रम मात्र हबवर नुसता टेकलेला असतो. ठोकायचंच असेल तर स्टडांच्या मधल्या सपाट भागावर, लाकडी ठोकळा ठेवून. ड्रमच्या बाहेरच्या कडेवर कधीच नाही.

सातारची_ताई
दोन गोष्टी हात जोडून सांगते. गाडी जांभ्याच्या चिऱ्यांवर उचलू नका, चिरा वजनाखाली अचानक फुटतो. घोडी, म्हणजे गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड, लावा, पुढच्या चाकांना अडण द्या. आणि ड्रम निघाल्यावर कॉम्प्रेसरने धूळ उडवू नका. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, त्याची धूळ फुप्फुसांना घातक. मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. पोरं जवळ असतील तर त्यांना आधी घरात पाठवा.

रत्नागिरीकर
निघाला! केबल सैल केली, निपलमधून तेल नुसतं ओघळलं, म्हणजे होजमध्ये दाब अडकलेला नव्हता. चाकं लावून गाडी झुलवली. सातव्या-आठव्या वेळी आतून ‘खट्‌’ असा आवाज आला आणि चाक मोकळं झालं. मग गाडी घोडीवर घेऊन ड्रम फिरवत भोक ॲडजस्टरसमोर आणलं, तो सैल केला, तरी कड नखाला लागेल एवढी होती. ठोकळ्याने एकदा वर, एकदा खाली ठोकत ड्रम थोडा थोडा सरकवला. आत एका शूचं लायनर सुटून ड्रमलाच चिकटून बसलंय. चिकटलेल्या जागेवर गंजाचा लालसर पट्टा आहे, पण तडा कुठेही नाही. व्हील सिलिंडर, तेलाच्या दाबाने शू ढकलणारा भाग, गळतोय.

जुना_पाना
छान झालं. दोन्ही बाजूंच्या शूंना एकदमच नवे लायनर बसवा, एकाच बाजूला बसवलेत तर गाडी ब्रेक मारताना ओढेल. ड्रम लेथवर लावून कड काढून घ्या, जास्त कापू देऊ नका. आणि यापुढे गाडी ठेवताना हँडब्रेक सोडायचा, चाकांना अडण.