सिकलसेलच्या औषधचाचणीचे वेळापत्रक ग्रामीण भागात कसे आखावे?

प्रश्न : केंद्र समन्वयक, यवतमाळ जिल्हा

नमस्कार. मी बी.फार्म. असून जिल्ह्यातील एका रुग्णालयात औषधचाचण्यांचा समन्वयक म्हणून काम पाहतो. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावरील एका नव्या गोळीच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीसाठी आमच्या केंद्राचा विचार चालू असून प्रायोजक कंपनीच्या प्रकल्प व्यवस्थापकांनी आमच्याकडून रुग्णनोंदणीचा मासिक अंदाज मागवला आहे. त्यांच्या आराखड्यात बाराही महिने नोंदणीचा आकडा सारखाच धरलेला आहे. प्रत्येक रुग्णाला वर्षभर दर चार आठवड्यांनी भेटीला यायचे आहे आणि ठरलेल्या तारखेच्या तीन दिवस मागेपुढे एवढीच सवलत आहे. आमचे बहुतेक रुग्ण शेतमजूर कुटुंबांतले आहेत. सोयाबीनची सोंगणी आटोपते न आटोपते तोच कापसाची वेचणी सुरू होते आणि त्या दिवसांत रोजी बुडवून तालुक्याला येणे कोणालाच परवडत नाही. हे कंपनीला स्पष्ट कळवले तर केंद्र हातचे जाईल, अशी आमच्या वरिष्ठांना काळजी आहे. अंदाज कसा मांडावा, आणि करार होण्यापूर्वी कोणत्या गोष्टी बदलून घेता येतात?

उत्तर १ : प्रकल्प व्यवस्थापन, नागपूर

अंदाज खरा द्या, हे माझे पहिले आणि ठाम मत आहे. औषधविकासाचे वेळापत्रक बहुधा उलट्या दिशेने लिहिले जाते. परवान्याचा अर्ज अमुक तिमाहीत जायला हवा, म्हणून अहवाल त्याआधी, म्हणून माहितीसाठा त्याआधी गोठवायला (म्हणजे पुढे बदल करता येणार नाहीत असा बंद करायला) हवा, असे मागे येत येत पहिल्या रुग्णाची तारीख ठरते. या साखळीत सर्वांत निर्णायक तारीख असते ती शेवटच्या रुग्णाच्या शेवटच्या भेटीची, कारण तिच्यानंतरची सगळी कामे तिच्यावर अडलेली असतात. उदाहरणादाखल, 60 रुग्ण हवे आहेत आणि महिन्याला सहा येतील असे धरले तर नोंदणीला दहा महिने आणि उपचाराला बारा, म्हणजे बावीस महिन्यांत शेवटची भेट होते. प्रत्यक्षात महिन्याला तीनच आले तर तीच भेट बत्तीसाव्या महिन्यात जाते. ही तफावत सुरुवातीलाच कळली तर व्यवस्थापक आणखी एखादे केंद्र उघडू शकतो; वर्षभराने कळली तर नव्या केंद्राची मंजुरी, करार आणि प्रशिक्षण यांतच पुढचे कित्येक महिने जातात. म्हणून जाणकार व्यवस्थापक कमी पण खऱ्या आकड्याला जास्त किंमत देतो.

अंदाज देताना एकच सरासरी न देता महिनावार तक्ता द्या. जून-जुलैच्या पेरणीत आणि ऑक्टोबरपासून पुढच्या सोंगणी-वेचणीत आकडा उतरता दाखवा, मधल्या काळात चढता दाखवा, आणि प्रत्येक आकड्याखाली त्याचे कारण लिहा. तपासणीत किती रुग्ण गळतील याचाही वेगळा रकाना ठेवा. अशा चाचण्यांत बहुधा अशी अट असते की, हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलवरील नेहमीचे औषध घेणाऱ्या रुग्णाचा डोस आधीचे सुमारे तीन महिने स्थिर असावा. गोळ्यांचा पुरवठा मध्येच खंडित होणाऱ्या भागातील रुग्ण या एका अटीवरच बाद होतो, आणि मुंबई-पुण्यात बसून हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

आणखी एक गोष्ट आत्ताच विचारा, ती म्हणजे गोळी किती तापमानाला ठेवायची. डबीवर 25 अंशांखाली ठेवण्याची सूचना असेल आणि मे महिन्यात पारा 45 वर असताना रुग्णाच्या घरावर टिनाचे छप्पर असेल, तर महिन्याच्या गोळ्या घरी देणे हा औषधाच्या टिकाऊपणाचा प्रश्न होतो. कंपनीकडे 40 अंश तापमान आणि 75 टक्के आर्द्रतेवर सहा महिने केलेल्या चाचणीची माहिती असायला हवी. तिच्यावरून किती दिवसांचे औषध घरी देता येईल हे त्यांना लेखी कळवता येते. ही माहिती नसेल तर ती मिळवण्याचा काळ पैसे ओतून आटोक्यात येत नाही. सहा महिन्यांची चाचणी सहा महिनेच घेते. औषधविकासात खरी अडचण अनेकदा अशा कामांत असते.

उत्तर २ : वैद्यकीय अधिकारी व एथिक्स कमिटी सदस्य, वर्धा जिल्हा

वरील उत्तराशी सहमत आहे. एक वैद्यकीय मुद्दा जोडतो, आणि तो आराखड्याच्या मुळाशी जाणारा आहे. थंडी आणि शरीरातील पाण्याची कमतरता या दोन्हींमुळे सिकलसेलच्या वेदनांचे झटके वाढतात. अशा चाचण्यांत वर्षभरातील झटक्यांची संख्या मोजली जाते. नोंदणी एकाच हंगामात एकवटली आणि काही रुग्णांनी उपचार अर्धवट सोडले, तर कोणाच्या वाट्याला हिवाळा आला आणि कोणाच्या वाट्याला आला नाही, याचा परिणाम निष्कर्षावर होऊ शकतो. त्यामुळे हंगामाचा विचार हा संख्याशास्त्रज्ञाच्याही कामाचा आहे, हे कंपनीला पटवून द्या.

दुसरे, नवीन औषधे आणि चिकित्सालयीन चाचणी नियम, 2019 यांनुसार गंभीर प्रतिकूल घटना (उदा. रुग्णाला भरती करावे लागणे) घडल्यापासून 24 तासांत अन्वेषकाने, म्हणजे केंद्रावर चाचणी करणाऱ्या डॉक्टरने, ती प्रायोजक, एथिक्स कमिटी (रुग्णांच्या हिताच्या दृष्टीने चाचणी तपासणारी समिती) आणि केंद्रीय परवाना प्राधिकरण यांना कळवायची असते. तुमचा रुग्ण रात्री झटका आल्यावर जवळच्या खाजगी दवाखान्यात भरती होतो आणि समन्वयकाला ते पुढच्या भेटीत कळते, असे होऊ देता येणार नाही. प्रत्येक रुग्णाजवळ चाचणीचे कार्ड, रात्रीही उचलला जाईल असा फोन आणि परिसरातील दवाखान्यांना आगाऊ सूचना, एवढ्याची तरतूद अंदाजपत्रकात मागून घ्या. याच नियमांनुसार, केंद्राची स्वतःची एथिक्स कमिटी नसेल तर त्याच शहरातील किंवा 50 किलोमीटरच्या परिघातील कमिटीची मंजुरी लागते. तिच्या बैठकांच्या तारखा आजच विचारून ठेवा.

घाईबद्दल एवढेच सांगतो. व्हॉक्सेलोटर या सिकलसेलच्या औषधाला हिमोग्लोबिन वाढते या आधारावर अमेरिकेत 2019 मध्ये जलद मंजुरी मिळाली होती, आणि पुढील अभ्यासांत झटके व मृत्यू यांबाबत चिंताजनक माहिती आल्यावर सप्टेंबर 2024 मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. आकडा गाठण्यासाठी संमतिपत्र घाईने वाचून दाखवण्याचा मोह कोणत्याही केंद्राला झाला, तर त्याने ही घटना आठवावी. आजीला आणि वडिलांना विचारून सांगतो असे म्हणणाऱ्या रुग्णाला तेवढे दिवस मिळालेच पाहिजेत आणि तुमच्या तक्त्यातही ते धरलेले असले पाहिजेत.

उत्तर ३ : क्षेत्र पर्यवेक्षिका, गडचिरोली जिल्हा

दादा, भेटीच्या सवलतीबद्दल माझा अनुभव सांगते. तीन दिवसांऐवजी सात दिवस मागितले तर कंपन्या बहुधा लगेच नाही म्हणत नाहीत, मात्र ती मागणी प्रोटोकॉल, म्हणजे चाचणीचा लेखी आराखडा, पक्का होण्याआधी करावी लागते. नंतर केली की दुरुस्ती पुन्हा एथिक्स कमिटीकडे जाते आणि वेळ जातो. प्रत्येक भेट रुग्णालयातच का हवी, हेही विचारा. केवळ रक्ताचा नमुना घ्यायचा असेल तर प्रशिक्षित परिचारिका गावात जाऊ शकते का, हे विचारण्यासारखे आहे. आमच्याकडे एका कामात हे मान्य झाले होते, परंतु नमुना किती तासांत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे हे आम्ही आधी पाहिले नसते तर सगळे फुकट गेले असते. एसटी सकाळी सातला सुटते, म्हणून आमच्या ताई पहाटे पाचला घरोघरी जाऊन नमुने घेत, बर्फाच्या डब्यात ठेवत आणि डब्यातील तापमानाची नोंद कागदावर करूनच गाडीत बसत.

बुडालेल्या मजुरीची भरपाई आणि प्रवासखर्च एथिक्स कमिटीच्या मान्यतेने देता येतो. तो त्याच दिवशी हातात पडावा, अशी अट घाला. कंपनीच्या हिशेबातून महिनाभराने येणाऱ्या पैशांवर वेचणीच्या दिवसांत कोणी येत नाही.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. महिनावार तक्ता करायला घेतो. प्रकल्प व्यवस्थापक सरांना एक शंका विचारतो : आमचा आकडा कमी दिसल्यामुळे कंपनीने केंद्र नाकारले तर?

उत्तर १ : प्रकल्प व्यवस्थापन, नागपूर

तसे होऊ शकते, हे नाकारत नाही. मात्र तक्त्यासोबत तुमच्या बाह्यरुग्ण विभागात नियमित येणाऱ्या सिकलसेल रुग्णांची नावे वगळून केलेली यादी जोडा, ज्यात वय, डोस आणि मागील वर्षातील झटके एवढेच असेल. यादी पाठवण्यापूर्वी तुमच्या रुग्णालयाची आणि एथिक्स कमिटीची परवानगी घ्या. निवड करणाऱ्याला बहुतेक केंद्रांकडून केवळ आश्वासने मिळतात. त्यामुळे जिथे रुग्ण खरोखर आहेत आणि ते केव्हा येतील हे जिथे माहीत आहे, ते केंद्र तो सहसा सोडत नाही.