मदत हवी आहे : माळ्यावर सापडलेलं, दस्ता जोडता येणारं ठासणीचं पिस्तूल

लष्करवाला :
नमस्कार मंडळी. ग्वाल्हेरहून लिहितोय. मराठीत मधूनच हिंदी डोकावली तर सांभाळून घ्या, पाच पिढ्या इथे काढल्यावर एवढं व्हायचंच.

लष्कर भागातलं आमचं जुनं घर विकायला काढलंय. माळा आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत पिस्तूल निघालं. निघालं म्हणजे, ते आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. आजोबा होते तोवर दर खंडेनवमीला खाली यायचं, हळद-कुंकू, झेंडूचं फूल, आणि परत वर. आजोबा गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता. नवल वेगळंच आहे. मागच्या दाराला टेकू म्हणून वर्षानुवर्षं एक लाकडी ठोकळा लावायचो, पितळी टोक असलेला. माझ्या भाच्याने तो सहज पिस्तुलाच्या मुठीला लावून पाहिला तर बसला की! म्हणजे तो ठोकळा नव्हे, खांद्याला लावायचा दस्ता. पिस्तुलाची छोटी बंदूक होते.

मोजमाप असं. नळी टेपने बरोबर दहा इंच. तोंडाशी व्हर्नियरने १४.७ मिलिमीटर. आत तीन रुंद, उथळ आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा. ठासायचा गज नळीखाली बिजागरीने अडकवलेला, निसटून पडत नाही. टोपीचा घोडा, म्हणजे नळीच्या मागच्या निप्पलवर बसवलेल्या स्फोटक टोपीवर आपटणारा; तो अजून दोन्ही खटक्यांवर (अर्ध्या आणि पूर्ण) चढतो. नळीच्या डाव्या अंगाला मुकुटाखाली फुलीसारखे दोन ठसे, एकाखाली इंग्रजी 'व्ही', दुसऱ्याखालची अक्षरं झिजलेली. शेजारी इंग्रजी आकड्यांत २५. लॉकच्या (घोड्याच्या यंत्रणेच्या) पट्टीवर वेलबुट्टी आहे, पण नाव-साल काही नाही. मुठीचं लाकूड अक्रोडाचं वाटतं, दस्ता मात्र नक्की शिसवाचा. दस्त्याच्या पितळी टाचेवर मोडीत काही खरवडलंय (फोटो जोडलेत).

हे नेमकं काय आहे? २५ हा रिसाल्याचा नंबर का? दस्ता मूळचा की मागाहून जोडलेला? पितळी पकड थोडी हलते म्हणून शंका आली. आणि साफ कसं करू? काकांनी कधीतरी नळीला चंदेरी ऑइलपेंट फासलाय, नक्षीत कुंकवाचे थर बसलेत, दस्त्याला दाराच्या ओलीने भेगा. इथला एक कारागीर म्हणतो, "भाईसाहब, बफ मारके ऐसा चमका दूँगा कि नया लगेगा." नवं दिसायला नकोच आहे मला! आजोबांचं परवान्याचं पुस्तकही सापडलं, मुदत कधीच संपलेली. तेही सांगा काय करायचं ते.

खटका :
ओळख-बिळख नंतर. आधी एक सांगा, रिकामं आहे का ते? ठासणीची हत्यारं भरलेलीच माळ्यावर चढतात, कारण गोळी काढण्यापेक्षा तशीच ठेवून देणं सोपं. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. तोंडासमोर न येता एक सरळ लाकडी काडी नळीत अलगद टेकेपर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा. मग तीच काडी बाहेरून नळीला लावून बघा. खूण तोंडाशी धरल्यावर टोक निप्पलच्या जवळ पोचलं पाहिजे. आणि तोवर घोडा चढवू नका.

लष्करवाला :
खटकाराव, हात कापताहेत. काडी जवळजवळ दीड इंच अलीकडेच थांबते. लहानपणी आम्ही भावंडं दसऱ्याला याचा घोडा टकटक वाजवायचो हो.

खटका :
टोपी नव्हती म्हणून वाचलात. आता तेल नको, काडी नको, ऊन नको. पोलीस ठाण्यात आधी फोन करा, भरलेलं असण्याचा संशय स्पष्ट सांगा आणि ते सांगतील तसं करा. परवान्याचं उत्तरही तिथेच आहे. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम २१ प्रमाणे, बाळगणं कायदेशीर राहिलं नाही की हत्यार जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करायचं. "अँटिक आहे, परवाना लागत नाही" असं गल्लीत कुणीही सांगेल. कलम ४५ ची सूट दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशा जुन्या हत्याराला आहे. तुमचा तर घोडा दोन्ही खटक्यांवर चढतोय.

लष्करवाला :
तीन आठवड्यांनी लिहितोय. वकील असलेल्या मावसभावाला घेऊन ठाण्यात गेलो. वाटलं होतं तेवढं अंगावर आलं नाही. चंबळच्या या पट्ट्यात घरटी बंदूक, निवडणूक आली की जमा करायला रांगा लागतात, त्यामुळे त्यांना नवल असं काही नव्हतंच. पोलीस लाइनच्या आर्मररने नळीत पाणी भरून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी गजाला मळसूत्री आकडी लावून माल काढला. आधी कागदाचा लगदा, मग शिशाची निमुळती गोळी, तिच्या मागच्या पोकळीत लाकडाचं इवलंसं बूच, मग काळा चिखल. आईने ऐकलं आणि देवासमोर जाऊन बसली.

आता पिस्तूल आणि दस्ता परवानाधारक दुकानदाराकडे पावतीवर जमा आहेत, माझ्या नावाने परवान्याचा अर्ज दिलाय. माणूस भला आहे, त्याच्यासमोर बसून निगा करू देतो. तेव्हा मूळ प्रश्न परत विचारतो.

जुनेपाने :
ते लाकडी बूच वाचून उडालोच! ब्रिटिश फौजेच्या एनफिल्ड बंदुकीच्या गोळीत असंच बूच असायचं, बार झाला की ते आत रेटलं जाऊन शिसं फुगायचं आणि आट्यांत घट्ट बसायचं. तुमचं १४.७ म्हणजे .५७७ इंच, ज्या चरबीच्या काडतुसांवरून १८५७ पेटलं त्याच मापाचं. २५ हा रिसाला नव्हे, बोअर. एक पौंड शिशात नळीच्या मापाच्या जेवढ्या गोल गोळ्या होतील तो आकडा. बारा बोअरमधले बारा तेच. मुकुटाखाली राजदंडांची फुली, हे बर्मिंगहॅमच्या चाचणीघराचे १९०४च्या आधीचे ठसे. झिजलेली अक्षरं बहुधा 'बीपीसी' असतील.

ब्रिटिश फौजेचं १८५६च्या नमुन्याचं घोडेस्वाराचं पिस्तूल नेमकं असंच, .५७७, दहा इंची नळी, अडकवलेला गज, काढता-घालता येणारा दस्ता. पण सरकारी असतं तर लॉकवर मुकुट, 'टॉवर' किंवा 'एनफिल्ड' आणि साल असतं. ईस्ट इंडिया कंपनीचं असतं तर मागच्या पायांवर उभा सिंह. तुमच्याकडे नुसती वेलबुट्टी, म्हणजे खासगी बंदूककाराकडून बांधून घेतलेला माल. १८६६नंतर मागून काडतूस भरायच्या स्नायडर बंदुका आल्या आणि ठासणीची सद्दी संपली, तेव्हा फार नंतरचं नसावं. अमेरिकन असेल अशी कुणी शंका काढली तर तीही सोडून द्या. स्प्रिंगफील्डच्या १८५५च्या अशाच दस्ता जोडायच्या पिस्तुलाला बारा इंची नळी आणि लॉकमध्ये छोटं दार, आत दिवाळीतल्या टिकल्यांच्या रिळासारखी फीत.

दस्त्याचं म्हणाल तर पकड सैल आहे एवढ्यावर निकाल देऊ नका. ग्वाल्हेरच्या लूमध्ये लाकूड आवळतं. पकडीच्या आतल्या बाजूला आणि पिस्तुलाच्या पितळी भागांना आतून बघा. एकत्र बसवलेल्या भागांवर कारागीर कानशीने सारख्या रेघा मारून ठेवतात.

रावपुऱ्याची मावशी :
मी बडोद्याची, वस्तुसंग्रहालयात धातूच्या वस्तूंची निगा करण्यातच माझी सगळी नोकरी झाली. बाळा, त्या बफवाल्याला दारातही उभा करू नकोस. ठसे एका मिनिटात पुसले जातील, आणि ठसे गेले की हा सगळा धागा गेला. ऑइलपेंटवर कापसाच्या काडीने थोडं थोडं ॲसिटोन, लाकडापासून लांब, खिडकी उघडी ठेवून. खाली तपकिरी रंग लागला तर थांब, तो गंज नसून मुद्दाम चढवलेला रंग असू शकतो. लाल भुरभुरीत असेल तेवढाच गंज तेलात भिजवून बांबूच्या काडीने काढ. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. खोबरेल नको, चिकट होऊन धूळ धरतं. पितळेला पितांबरी नको, चिंच नको, मोडी अक्षरं खरवडलेलीच तर आहेत, दोनदा घासलीस की संपली. भेगांत लांबी-फेव्हिकॉल भरू नकोस, लाकूड पावसाळ्यात परत फुगतं.

कुंकवाचं सांगायचं तर लोखंडावरचं काढ, ते ओल धरतं. मुठीच्या नक्षीतलं माझ्या हातात असतं तर मी ठेवलं असतं. कारखान्यातून निघाल्यानंतर या वस्तूचं जे आयुष्य झालं, त्याचा तेवढाच पुरावा आहे.

लष्करवाला :
मावशी, तसंच करतोय, मुठीला हात लावला नाही. जुनेपाने, पिस्तुलाच्या चापाच्या कड्याला आतून दोन रेघा आहेत, घोड्याच्या स्क्रूलाही दोन. दस्त्याच्या पकडीला एकही नाही. पण ती आतून कानशीने मुठीच्या अंगासारखीच घासून बसवलीय, डावी बाजू उजवीपेक्षा पातळ, अगदी मुठीच्या बाकासारखी. म्हणजे पिस्तूल तिकडचं आणि दस्ता इथे कुणा लोहार-सुताराने याच मुठीवर बेतलेला, असंच ना?

मोडीचा पहिला शब्द आमच्या शेजारच्या आजींनी 'पागा' असा लावला, त्यापुढे ३१. मधलं एक अक्षर राहिलंय, त्यांना 'हु' वाटतं, मला 'ड'. तिरक्या उजेडात काढलेला मोठा फोटो टाकतोय, मोडीवाल्यांनी बघा जरा.