काटा ‘ई’वर पडला म्हणून लगेच फ्लोट बदलू नका

पेट्रोलचा काटा कायम ‘ई’वर (टाकी रिकामी) म्हणजे टाकीतला फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी मोजणारा तरंगता भाग, गेला असं सरसकट म्हटलं जातं. जातो कधीकधी, पण जुन्या मारुती ८००ला तपासल्याशिवाय नवं फ्लोट युनिट घालणं म्हणजे पैसे पाण्यात. युनिटचं सॉकेट काढा, चावी ऑन करा आणि गेजकडे (डॅशबोर्डवरच्या काट्याकडे) जाणारी वायर १२ व्होल्टच्या लहान बल्बमधून गाडीच्या बॉडीला टेकवा. थेट टेकवू नका, गेज जळतो. टाकीचं तोंडही उघडं नको. काटा हळूहळू चढला तर गेज आणि वायर दोन्ही ठीक.

मग उरतं युनिट आणि त्याचं अर्थिंग (बॉडीला स्क्रूने जोडलेली वायर), आणि हे अर्थिंगच कोणी बघत नाही! गोव्यात वास्को, कांदोळी, कोलवा अशा किनाऱ्यालगत फिरलेल्या गाडीत खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस अर्थचा स्क्रू खाऊन टाकतात. वरून घट्ट दिसतो, वायरच्या रिंगखाली मात्र हिरवट-पांढरी पूड. पत्रा चमकेपर्यंत पॉलिश पेपर मारा, आवळा, वर व्हॅसलीन लावा. मल्टिमीटरवर तिथून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत १ ओहमच्या आत यायला हवं. टेंपरेचरचा काटाही सोबतच बिघडला असेल तर टाकीचा नाद सोडा, डॅशबोर्डवरच्या मीटरचा सप्लाय आणि अर्थ बघा.