मुलींसाठी निवड परीक्षेची सरकारी शाळा कोल्हापुरात हवी का?

उत्तरेश्वरची_मावशी
माझ्या मामेबहिणीची लेक बर्मिंगहॅमला मुलींच्या ग्रामर शाळेत शिकते. शाळा सरकारी, फी शून्य, पण प्रवेश अकराव्या वर्षी होणाऱ्या परीक्षेवर. उन्हाळ्यात ती इथं आली होती, तेव्हा तिला शाळेबद्दल खोदून खोदून विचारलं. मला भावलं ते मार्कांचं नव्हे. त्यांच्या प्रयोगशाळेत वायर जोडणारा हात मुलीचाच असतो, कारण दुसरा हातच नाही. आपल्याकडच्या मिश्र वर्गात काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय: प्रयोग पोरं करणार, पोरी वहीत सुबक आकृती काढणार आणि नावं देणार. तिथं वादसभेत भांडायला मुली, गणिताच्या स्पर्धेला मुली, शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट फुंकायलाही मुलीच.
ज्या गावात शाहू महाराजांनी मुलींच्या शाळांचं काम रखमाबाई केळवकरांच्या हाती दिलं आणि त्यांची लेक कृष्णाबाई डॉक्टर झाली, तिथं हुशार मुलींसाठी अशी एक सरकारी शाळा का नसावी? वसतिगृहासकट. मत सांगा.

भुदरगडचा_मास्तर
मावशी, मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. शिष्यवृत्ती परीक्षेत आपला जिल्हा पुढं असतो याचा मलाही अभिमान आहे. पण ते यश कशावर उभं आहे? जादा तासांवर. सकाळी शाळेआधी, संध्याकाळी शाळेनंतर, रविवारी सराव पेपर. जादा तासाला थांबते कोण? जिला न्यायला बाप मोटारसायकल घेऊन येतो ती. माझ्या वर्गातली गणितात सगळ्यात तल्लख पोरगी शाळा सुटली की पळत सुटते, कारण आई भांगलणीला आणि धाकटा भाऊ अंगणवाडीतून घरी आलेला. ती परीक्षेला बसलीच तर ओएमआर शीट, म्हणजे गोल काळे करायची उत्तरपत्रिका, पहिल्यांदा बघणार ती परीक्षेच्या हॉलमध्ये.
आणि दुसरं. वर्गातल्या दोन चुणचुणीत पोरी तुम्ही उचलून नेल्या की उरलेल्या वर्गाचं काय? पोरं माझ्याकडून शिकतात त्याच्या दुप्पट एकमेकांकडून शिकतात.

कागलची_नवोदयन
सर, रागावू नका, पण माझ्यासारखी हुशार पोर वर्गात ठेवायची ती बाकीच्यांच्या सोयीसाठी का? मुलगी म्हणजे वर्गाचा फळा नव्हे.
मी कागलच्या नवोदयची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पाचवीत असताना परीक्षा, सहावीला ८० जागा, त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांना आणि किमान एक तृतीयांश मुलींना. राहणं, जेवण, पुस्तकं फुकट. दहा वर्षांची पोर घर सोडते, रडते, पहाटे पीटीला उठवलं की आणखी रडते. पण संध्याकाळी अभ्यासिकेची घंटा झाली की 'जरा भाकरी थापून जा' म्हणणारं कोणी नाही. घरी असते तर आठवीपासून मी चुलीपुढं असते. नववीत आमच्यातल्या काहींना वर्षभर हिंदी मुलखातल्या नवोदयला पाठवतात, त्यात मी होते. जिला गारगोटीच्या पलीकडं एकटीनं एसटीनं जायची परवानगी नव्हती, ती रेल्वेनं दुसऱ्या राज्यात गेली. हे गावातल्या कुठल्या शाळेनं दिलं असतं?

जरगनगर_पालक
निवड परीक्षा नको म्हणणाऱ्यांनी आमच्याकडं या एकदा. महापालिकेची मराठी शाळा, परीक्षा-बिरिक्षा काही नाही, आणि तरी पाडव्याच्या आदल्या रात्री पालक प्रवेशासाठी रांगेत. मीही चटई टाकून पडलोय. ही पण निवडच की! पोराची नाही, बापाच्या पाठीची आणि डासांच्या सहनशक्तीची. ज्याची रात्रपाळी असते त्याचं पोर कुठं जातं, ते कुणी विचारत नाही.
पण सरकारी शाळेसाठी अशी रांग लागते याचं मला कौतुकही वाटतं, ते जाऊ दे.

शाहूपुरीचे_वकील
दोन गोष्टी. एक, शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १३: आठवीपर्यंत प्रवेशासाठी मुलांची चाळणी लावता येत नाही. नवोदय, केंद्रीय विद्यालय, सैनिकी शाळा यांचा कायद्यात 'विशिष्ट प्रवर्ग' आहे, म्हणून त्यांचं गणित वेगळं. महापालिका किंवा झेडपी उद्या सहावीला परीक्षा घेऊ म्हणेल तर पहिल्याच महिन्यात रिट दाखल होईल. (दाखल करणाऱ्यांत मी नसेन असं सांगत नाही.) नववीपासून काढली तर वाट मोकळी आहे.
दोन, मावशींना ज्या बर्मिंगहॅमचं कौतुक, तिथलाच किस्सा. तिथं ग्रामर शाळांत दरवर्षी मुलांसाठी साधारण ५४० जागा आणि मुलींसाठी ३६०. मुलींना प्रवेशाला जास्त गुण लागायचे. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९८९ मध्ये हा मुलींवर भेदभाव आहे असा निकाल लागला. शिवाय १९९८ च्या कायद्यानं इंग्लंडनं नव्या ग्रामर शाळा काढायला बंदी घातली. आता १६३ उरल्यात. ज्यांनी ही पद्धत काढली तेच ती वाढवायला तयार नाहीत, आणि आपण इथं तिचा मांडव घालायला निघालो.

उत्तरेश्वरची_मावशी
वकीलसाहेब, जागा कमी पडल्या हा त्या शाळांचा दोष की नगरपालिकेचा? निकालाचा अर्थ मी तर 'मुलींना जागा वाढवा' असाच घेते. पण नववीपासूनचं पटलं. दहा वर्षांच्या पोरीला क्लासच्या घाण्याला जुंपण्यापेक्षा चौदाव्या वर्षी तिचं तिला कळतं.

बीएस्सी_दुसरं_वर्ष
मी एका मुलींच्या शाळेत 'अ' तुकडीत होतो (कोल्हापूरची मुलगी आहे, असंच बोलणार). शाळा निवडक नव्हती, पण तुकडी मार्कांवर, त्यामुळं आतला मामला तोच. चाचणी झाली की क्रमवारी बोर्डावर. ८८ टक्केवाली पोरगी स्वतःला 'ढ' म्हणायची आणि तिला कुणी खोडून काढायचं नाही, कारण तिच्यावर बत्तीस जणी होत्या. दहावीच्या वर्षी आम्ही डबे अर्धे परत न्यायचो. एकीनं केस गळतात म्हणून तेल बदललं, मग शॅम्पू बदलला, शेवटी डॉक्टर म्हणाले, झोप.
पण मावशी म्हणतात तेही खोटं नाही. पॅड आहे का, असं मागच्या बाकावरनं आम्ही मोठ्यानं विचारायचो. ज्युनिअर कॉलेजला मिश्र वर्गात गेलो आणि आठवड्यात आवाज खाली आला. शंका विचारायचाही खाली आला. तो अजून पूर्ण वर आलेला नाही.
म्हणून मला विचाराल तर मुलींची शाळा पाहिजे. चाळणी नको.

भुदरगडचा_मास्तर
बाळा, लाख बोललीस. मी तेच म्हणतोय, फक्त आणखी एक पायरी खाली उतरून. शाळा आहेत. मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट आहे. पण पास असून काय करायचं, एसटी संध्याकाळी अंधार पडल्यावर फाट्यावर सोडते आणि तिथनं वाडीपर्यंत चालत. शाळा सुटते ती इथं. आठवी ते बारावीच्या मुलींना कोल्हापुरात राहायला जागा द्या, शाळा त्या शोधतील. हुशारीला पैसा द्यायचा तर केंद्राची एनएमएमएस शिष्यवृत्ती आहेच: आठवीत परीक्षा, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, वर्षाला १२ हजार, आणि पोर तिच्या शाळेतच. महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगं उभी केली ती गुणपत्रिका मागून नव्हे. केंद्रानंही २००४ ला कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं काढली ती मागास तालुक्यांत, शाळा सुटलेल्या मुलींसाठी, परीक्षेशिवाय.

कागलची_नवोदयन
सर, खोल्या चाळीस आणि अर्ज चारशे आले की काय करणार? चिठ्ठ्या टाकणार?

भुदरगडचा_मास्तर
टाकणार की. आरटीईचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचे, खासगी शाळांतले २५ टक्के प्रवेश लॉटरीनंच होतात, आभाळ कोसळलं नाही.

कागलची_नवोदयन
मग माझं ऐका. चिठ्ठीवर आलेल्या पोरीला घरचे दिवाळीच्या सुट्टीत परत आणतील आणि कुणाला काही वाटणार नाही. मला आणायचा विषय सातवीत निघालाच होता, आईच्या ऑपरेशनच्या वेळी. आजीनं हाणून पाडला. तिला शिक्षणाचं प्रेम होतं असं नाही. 'पोरगी परीक्षेत निवडली' म्हणून तिनं सगळ्या भावकीत पेढे वाटले होते, आता परत आणली तर काय सांगायचं, एवढाच तिचा हिशोब. माझं अख्खं शिक्षण त्या पेढ्यांवर झालं. त्या निवड यादीनं मला जे संरक्षण दिलं ते चिठ्ठी कुठनं देणार?

भुदरगडचा_मास्तर
हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, कबूल. पण यादीत नाव न आलेल्या पोरीच्या आजीचाही हिशोब असतो. तो मी पालकसभेत ऐकलाय: 'परीक्षा दिली, न्हाई जमलं. आता दहावी झाली की बास.' नवोदयचा निकाल लागायच्या आधी त्याच घरात तिच्या बारावीपर्यंतच्या गोष्टी चालायच्या.