जुन्या बरण्यांतले आफ्रिकन वाळे: ओळख कुठून सुरू करायची?

तापीकाठ (जळगाव)
कॉलेजच्या प्राणिशास्त्र संग्रहात वाळ्यांच्या (गांडुळासारख्या दिसणाऱ्या आंधळ्या सापांच्या) पाच बरण्या आहेत. चारांवर नुसतं ‘टिफ्लॉप्स, आफ्रिका’, पाचवीवर ‘ऱ्हायनोटिफ्लॉप्स, पूर्व खान्देश’. सगळे तपकिरी पडलेत, दोघांचे डोळे दिसत नाहीत, एकाची कातडी सुटतेय. खवल्यांच्या ओळी मोजल्या तर एकाच नमुन्याच्या कधी २९, कधी ३१ येतात. आधी काय बघायचं?

सातपुडा_सरीसृप (शहादा)
दादा, रंग आणि डोळे तूर्त बाजूला ठेवा, जुन्या नमुन्यात तेच आधी फसवतात. आधी ओठ बघा. डोळ्यावरचा ऑक्युलर खवला थेट ओठाच्या कडेला टेकला असेल आणि अंगाभोवती १४ ओळी असतील, तर तो लेप्टोटिफ्लॉपिडी कुळातला. ऑक्युलर आणि ओठाच्या मध्ये वरच्या ओठाचे खवले (बाजूला चार) असतील, तर टिफ्लॉपिडी कुळातला. दातांवरूनही कळतं: पहिल्यात ते फक्त खालच्या जबड्यात, दुसऱ्यात फक्त वरच्या. पण त्यासाठी जुना जबडा उघडू नका, मोडतो.

आकडा बदलतो त्याचं कारण असं, की वाळ्याच्या पोटाला इतर सापांसारखे रुंद खवले नसतात. सगळीकडून सारखाच, त्यामुळे सुरुवात कुठून केली तेच हरवतं. पहिल्या खवल्याच्या कडेखाली बारीक कीटक-पिन अडकवा आणि अंगाला काटकोनात फिरा. तिरकं गेलात की एक ओळ वाढते किंवा निसटते. विषम आकडा आला की आधी मोजणीवर संशय घ्या. डोक्यामागे, मध्यावर आणि गुदद्वाराच्या थोडं आधी, अशा तीन जागी मोजा. पाठीवरची रांग मोजताना दर ५० खवल्यांना खूण करा.

शिवणी (खवल्यांमधल्या रेषा) दिसत नसतील तर नमुना टिपकागदाने टिपा आणि बाजूने तिरका उजेड टाका. अल्कोहोल उडत असताना कडा उठून दिसतात. तेवढंच बघा आणि लगेच ७० टक्के अल्कोहोलमध्ये परत ठेवा, नाहीतर कडा वळतात.

पांझरा (धुळे)
पाचवी चिठ्ठी फेकू नका! तो बहुधा आपला चंचुवाळा असेल. ऱ्हायनोटिफ्लॉप्स ही आफ्रिकेची प्रजाती (जीनस), तिच्यात हा भारतीय वाळा चोचीसारख्या तुंडामुळे (थोबाडाच्या टोकामुळे) घातला होता. आता तो ग्रायपोटिफ्लॉप्स अक्युटस. डीएनएनेही त्याचं जवळचं नातं आफ्रिकेतल्या वाळ्यांशीच निघालं, म्हणजे जुनं नाव अगदीच वेडंवाकडं नव्हतं. खान्देशचे पूर्व-पश्चिम भाग १९०६ साली झाले, म्हणजे चिठ्ठी त्यानंतरची.

‘आफ्रिका’वाल्यांत आधी साधा वाळा, इंडोटिफ्लॉप्स ब्रामिनस, वगळा. तो कुंडीतल्या मातीतून आफ्रिकेतही पोचलाय. मध्यावर २० ओळी, लांबी १८ सेंमीच्या आत आणि नाकपुडीखालची शिवण प्रीऑक्युलरला (डोळ्यापुढच्या खवल्याला) टेकलेली.

तापीकाठ
पिन लावून मोजलं. तिघांच्या मध्यावर ३०, ३० आणि ३२. चौथ्याच्या २०, पण तो ३१ सेंमी लांब, बारीक आणि फिका आहे. डोळा दिसत नाही.

सातपुडा_सरीसृप
३१ सेंमीचा असेल तर ब्रामिनस नाही. आता लेथिओबिया ही आफ्रिकेतल्या वाळ्यांची प्रजाती तपासा: लांब, सडपातळ, रंगहीन, डोळे झाकलेले. मात्र फिका पडलेला अफ्रोटिफ्लॉप्सही तसाच दिसतो. म्हणून लांबी भागिले मध्याचा व्यास काढा (जितका सडपातळ, तितका आकडा मोठा). अंग दबलं असेल तर दोन काटकोनी व्यासांची सरासरी घ्या. डोळा नाही असं ठरवण्याआधी ऑक्युलरवर ग्लिसरीनचा एक थेंब टाकून भिंगातून बघा. अपारदर्शक झालेल्या खवल्याखाली काळा ठिपका असू शकतो.

३०-३२ वाले तिघे अफ्रोटिफ्लॉप्सकडे झुकतात. २००९ मध्ये जुन्या टिफ्लॉप्समधून ही प्रजाती वेगळी काढली. तरी तुंडाची कड बघून घ्या, धारदार आडवी कड असेल तर ऱ्हायनोटिफ्लॉप्सही विचारात घ्या.

सुटणारी कातडी ओढू नका. खवला गेला असेल तर खालच्या त्वचेवर त्याची खाच राहते, ती मोजा. नवीन चिठ्ठी पेन्सिलने लिहा आणि जुन्या चिठ्ठीसोबत त्याच बरणीत ठेवा. ‘जर्मन ईस्ट आफ्रिका’, ‘न्यासालँड’ असं काही असेल तर जसंच्या तसं उतरवा, आजचं नाव त्याखाली वेगळं.