ट्रॅक्टरला हौस म्हणणाऱ्यांनी एकदा फळछाटणीच्या पावसात बागेत यावं

निफाडचा बागवान
काल एका भाऊंची पोस्ट वाचली. "दोन-पाच एकरवाल्यांनी ट्रॅक्टर घेऊच नये, भाड्याने भागवा, दारातली हौस आहे ती, सरकारने जीएसटी १२ चा ५ टक्के केला तरी यांचं रडगाणं चालूच." खाली टाळ्या वाजवणारे पण भरपूर. कमेंटमध्ये मावणार नाही म्हणून इथे लिहितो.

भाऊ, द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी (म्हणजेच फळछाटणी) झाली, पोंगे म्हणजे कोवळे कोंब फुटले आणि रात्री पाऊस पडला की सकाळी काय असतं माहितीये का? पान वाळायच्या आत डाऊनी रोगाचा स्प्रे गेला पाहिजे. त्या दिवशी गावातला प्रत्येक ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरमागचा फवारा, ज्याच्या त्याच्या बागेत असतो. भाड्याचा येणार परवा, परवापर्यंत घडच राहत नाही. म्हणून आमच्याकडे तीन एकरवाला पण २४-२५ एचपीचा छोटा ट्रॅक्टर आणि ब्लोअर कर्ज काढून घेतो. वेलींच्या दोन ओळींमधल्या नऊ फुटी गाळ्यात मंडपाखाली ४५ एचपीचं धूड फिरत नाही, तेव्हा ते पण मागून आणता येत नाही.

आता रेट. माझा २०१६ चा आहे, साडेतीन लाखात दारात आला. तेवढ्याच ताकदीच्या नव्याचं कोटेशन परवा घेतलं, सहाच्या घरात. ब्लोअर वेगळा, माती भुसभुशीत करायचा रोटर वेगळा. जीएसटी कमी झाला म्हणता तर सहा लाखाच्या मालावर सात टक्के म्हणजे चाळीसेक हजार. ते वाचले, नाही कोण म्हणतंय, पण बाकीचे दोन लाख कुणाच्या खिशात गेले तेवढं सांगा.

जुना घ्यावा तर मालक म्हणतो नव्याचा रेट बघून या मग बोला. दहा वर्ष वापरलेला, टायर गुळगुळीत, लिफ्ट तेल गाळतेय, आणि भाव असा सांगतात की जणू मुलगी दाखवताहेत.

हिशेबी शेतकरी, येवला
ती पोस्ट माझीच. पळून जाणार नाही.

द्राक्षाचं मी बोललोच नव्हतो. आमच्याकडे तीन एकर कांदा-मका, आणि दारात ५० एचपी. साडेसात लाखाची गाडी, सहामाही हप्ता सत्तर-ऐंशी हजार, म्हणजे वर्षाला दीड लाख. रोटरचा तासाचा रेट हजार-बाराशे धरा, दीड लाखात सव्वाशे तास भाड्याने मिळतात. तीन एकराला नांगरट, रोटर, सरी, वाहतूक सगळं धरून तीस तास होत नाहीत. बाकी वर्षभर ट्रॅक्टर लिंबाखाली उभा, आणि वरातीत डीजे ओढायला. हौस नाही तर काय म्हणायचं ह्याला?

कसमादे एक्सप्रेस
हिशेब बरोबर असेल तुमचा पण हप्ता थकतो कशामुळे ते लिहा ना. ८ डिसेंबर २०२३ ला रात्रीतून कांद्याची निर्यातबंदी केली, माझा लाल कांदा तेव्हा निघायला आलेला. मे २०२४ ला उठवली तर वर ४० टक्के शुल्क ठेवलं, ते पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. तोवर फायनान्सवाल्यांची पोरं दोनदा दारात येऊन गेली, तिसऱ्यांदा ट्रॅक्टरच घेऊन गेली. कांद्याला भाव द्या, ट्रॅक्टर दहा लाखाचा करा, कोण विचारतंय.

हिशेबी शेतकरी, येवला
म्हणजे माझंच म्हणणं झालं. भावाचा भरवसा नाही तर कर्ज काढलं कशाला?

कसमादे एक्सप्रेस
तुम्हाला कधी दारातून गाडी ओढून नेलेली बघावी लागली नाही म्हणून असं सुचतं. जाऊ द्या.

पंचवटी मोटर
माझं जुन्या ट्रॅक्टरचं थोडंफार चालतं म्हणून सांगतो. जुन्याचे भाव चढायचं एक कारण नवेच आहेत. ५० एचपीच्या वरच्यांना जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागले, कॉमन रेल म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं डिझेल इंजेक्शन आलं, सेन्सर आले. लाईट पेटली की गावातला मिस्त्री हात लावत नाही, लॅपटॉपवाल्याची वाट बघत बसा. त्यामुळे साध्या पंपाच्या जुन्याला माणसं थांबून घेतात. आणि घेताना तास मीटरवर विश्वास ठेवू नका, तो बदलून मिळतो. क्लचचं पेडल बघा, किती झिजलंय ते खोटं बोलत नाही. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर एनओसी हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका, "आठ दिवसात आणून देतो" म्हणणारे फार भेटतात.

सिडकोवाला
महिंद्राचा कारखाना सातपूरला, मग नाशिककरांना स्वस्त का नाही?

पंचवटी मोटर
तिथे जीप-गाड्या बनतात हो. ट्रॅक्टर नागपूरला.

घोटीकर
सगळ्यांनी एवढं रडण्यापेक्षा बैल ठेवा. आमच्याकडे भाताच्या खाचरात डांगी बैलांची जोडी अजून चिखलणी करते. ना डिझेल ना हप्ता, शेणखत वरून.

निफाडचा बागवान
बैलाला ब्लोअर जोडता का दादा?

घोटीकर
हसा. वडिलांनी बैलावर सहा जण वाढवले. तुमच्या ट्रॅक्टरने काय वाढवलं, तर व्याज.

कसमादे एक्सप्रेस
बैलाचा आजचा भाव माहितीये का? २०२१ ला शर्यती परत सुरू झाल्या तेव्हापासून चांगलं खिल्लार वासरू शेतकऱ्याच्या हाती लागत नाही. शर्यतीचा बैल ट्रॅक्टरच्या किमतीत जातो. आणि म्हातारा झाल्यावर काय? २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्याआधी थकलेला बैल विकून, वर थोडे घालून नवा घ्यायचो. आता त्याला गिऱ्हाईकच नाही, मरेपर्यंत पोसा. भंगार ट्रॅक्टरला निदान किलोवर तरी भाव आहे.

घोटीकर
ज्या बैलाने आयुष्यभर राबून खायला घातलं त्याला म्हातारपणी विकायची भाषा करता, पोळ्याला कोणत्या तोंडाने पुरणपोळी भरवता?

कसमादे एक्सप्रेस
पुरणपोळीचं सोडा, मार्च ते जून चारा कोण देणार ते बोला. सालगडी दीड लाखाच्या खाली उभा राहत नाही. तुमच्याकडे डोंगरात गवत आहे म्हणून भावना परवडतात. देवळ्याच्या माळावर या, दोन महिने जोडी सांभाळून दाखवा.

घोटीकर
उन्हाळ्यात आमच्या बायका पाण्याला डोंगर उतरतात, धरणं आमच्या उशाला असून. आम्हाला परवडण्याचं शिकवू नका.

हिशेबी शेतकरी, येवला
विषय ट्रॅक्टरचा होता.

घोटीकर
बैलाचाच विषय आहे. बैल गेला म्हणून तर ट्रॅक्टर गळ्यात पडला.

दिंडोरीची सून
अनुदानाचं कोणीच बोलेना. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर, माझ्या नावाने अर्ज होता, तेव्हा महिलेला ५० टक्के होतं, पण कमाल सव्वा लाख. मंजुरी आल्यावर शोरूमला गेलो तर तोच ट्रॅक्टर रोखीने घेतला तर एक रेट, अनुदानात घेतला तर दुसरा, फरक पाऊण लाखाचा. वर आधी सगळे पैसे आपण भरायचे, अनुदान मागून खात्यात. ज्याच्याकडे आधीच पैसे आहेत त्यालाच मदत मिळते. आणि नावावर माझ्या असला तरी चावी सासऱ्यांकडे, हे आपलं जाता जाता.

पंचवटी मोटर
सगळे डिलर तसे नसतात ताई.

दिंडोरीची सून
दादा, मग जे तसे नाहीत त्यांचा पत्ता द्या.

हिशेबी शेतकरी, येवला
बरं बागवान, ब्लोअर आणि छोटा ट्रॅक्टर, मान्य. तुम्हाला पावसात थांबता येत नाही. पण पाच भावांनी मिळून एक ५० एचपी घेतला तर कांदेवाल्यांचं बिघडतं काय, याचं उत्तर अजून आलं नाही.

निफाडचा बागवान
मान्य केल्याबद्दल आभार, आज पेढे वाटतो. पाच भाऊ एका बांधावरून कोर्टात आहेत, तिथे ट्रॅक्टरच्या डिझेलचा हिशेब कोण ठेवणार? तुम्ही ठेवा, नावच हिशेबी आहे.

कसमादे एक्सप्रेस
बागवान बरोबर बोलला. आमच्यात चुलत्यासोबत मळणी यंत्र सामाईक होतं. आता यंत्रही नाही अन् बोलणंही नाही.

ओझरचा नाना
एवढ्या भांडणात विचारतो, कोणाकडे ६०० लिटरचा जुना ब्लोअर असेल तर सांगा. रेट वाजवी लावा.

पंचवटी मोटर
नाना, छाटण्या तोंडावर आल्यात, आत्ता वाजवी कोणीच लावणार नाही. एप्रिलात माल निघाल्यावर विचारा, ज्याची बाग तुटली तो स्वतःहून फोन करेल.

ओझरचा नाना
एप्रिलात घेऊन काय, त्यात पाणी भरून ठेवू?