क्लाउडवर मिररिंग: नेट गेलं की डिस्क भरते

प्रश्न: वणीच्या जिनिंगमधल्या पोस्टग्रेस डेटाबेसवरून काटापावत्यांचं टेबल क्लाउड ॲनालिटिक्सला मिरर होतं, म्हणजे तिथं त्याची प्रत ठेवली जाते. रात्रभर नेट नसलं की सकाळी डिस्क फुल्ल. टेबल तर एवढंसं आहे, मग जागा खातंय काय?

उत्तर १: वॅल लॉग, भाऊ, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंदवही. मिररिंग आधी पूर्ण स्नॅपशॉट (टेबलची अख्खी प्रत) उचलतं, मग लॉगमधले बदल. पलीकडून पोच येईस्तोवर रेप्लिकेशन स्लॉट (कुठवर पाठवलं याची सर्व्हरवरची खूण) जुना लॉग पुसू देत नाही, आणि लॉग अख्ख्या सर्व्हरचा असतो. पोस्टग्रेस आवृत्ती १३ पासून असा लॉग किती साठू द्यायचा त्याची ‘मॅक्स स्लॉट वॅल कीप साइज’ ही सेटिंग आहे. पण मर्यादा ओलांडली की स्लॉट बाद, स्नॅपशॉट पुन्हा पहिल्यापासून. ऐन कापूस सीझनात त्यापेक्षा मोठी डिस्क बरी.

उत्तर २: टेबलला प्रायमरी की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखणारा कॉलम) आहे का, ते पण पाहून घ्या जी. नसेल तर इन्सर्ट चालतील, अपडेट मात्र मूळ सर्व्हरवरच एरर देईल.

प्रश्नकर्ता: जुन्या ट्रायलचाही स्लॉट दिसतोय, ॲक्टिव्ह नाही.

उत्तर १: मग तो आधी ड्रॉप करा (काढून टाका), तोही जुना लॉग अडवून धरतो. पुढच्या चेकपॉइंटला (सर्व्हर ठरावीक वेळानं बदल डिस्कवर पक्के करतो तेव्हा) जागा सुटेल.